ग्रंथस्वामित्वमुद्रा

ग्रंथस्वामित्वमुद्रा म्हणजे पुस्तकाची एखादी प्रत कोणाच्या मालकीची आहे हे दर्शविण्यासाठी तिच्या पानावर उमटविलेला शिक्का. हा शिक्का दगड, लाकूड, धातू किंवा रबर यांवर कोरलेला असतो. तो शाईने उमटवितात किंवा कागद दाबून त्याचा उठाव घेतात. सार्वजनिक ग्रंथालयांचे शिक्के सर्वांच्या परिचयाचे आहेत. प्रस्तुत लेखात मुख्यतः व्यक्तींच्या खासगी संग्रहांतील शिक्क्यांचा, तसेच त्यांना जवळच्या असलेल्या हस्तलिखित खुणा व राजग्रंथालयांच्या मोहरा यांचा विचार केला आहे.

शिक्का मारणाऱ्याचा हेतू बहुधा साधा असतो. उसने नेलेले पुस्तक परत यावे आणि चोरीस गेलेले ओळखता यावे, एवढीच त्याची अपेक्षा असते. हा हेतू पुष्कळदा सफल होत नाही. परंतु मालकाच्या मृत्यूनंतर संग्रह विखुरला म्हणजे हाच शिक्का त्या संग्रहाचा साक्षीदार ठरतो. ग्रंथ कोणाकडून कोणाकडे गेला, कोणत्या काळी कोणत्या गावी काय वाचले जात होते, लुटलेले ग्रंथ कोणास परत करावयाचे, अशा प्रश्नांची उत्तरे अनेक वेळा पानाच्या कोपऱ्यातील या लहानशा ठशावरून मिळाली आहेत.

संज्ञा

मराठीत ‘शिक्का’, ‘मुद्रा’, ‘मोहर’ आणि ‘ठसा’ हे शब्द या अर्थाने वापरले जातात. ‘मुद्रा’ संस्कृतातून, तर ‘शिक्का’ व ‘मोहर’ अरबी-फारसीच्या वाटेने मराठीत आले. मराठेशाहीतील पत्रव्यवहारात आरंभी शिक्का आणि पत्र संपले हे दाखविण्यासाठी शेवटी मोर्तब करण्याची पद्धत होती. ‘शिक्कामोर्तब’ हा आजचा शब्दप्रयोग त्या पद्धतीचा अवशेष आहे.

ग्रंथस्वामित्व आणि लेखकाचा स्वामित्वहक्क यांत गल्लत करू नये. शिक्क्याने दर्शविली जाते ती केवळ त्या एका प्रतीची मालकी. ग्रंथातील मजकुरावर शिक्का मारणाऱ्याचा कोणताही अधिकार निर्माण होत नाही.

पुस्तकाच्या आतील बाजूस चिकटविलेल्या छापील चिठ्ठीस युरोपीय भाषांत ‘एक्स लिब्रिस’ म्हणतात. ‘अमुकाच्या ग्रंथांपैकी’ असा या लॅटिन शब्दांचा अर्थ आहे. ही चिठ्ठी शिक्क्याची भावंडच होय. मात्र ती पान न फाडता सोडविता येते. पुराव्याच्या दृष्टीने हे तिचे मोठे वैगुण्य आहे आणि कागदाच्या आरोग्याच्या दृष्टीने गुण.

हस्तलिखित खुणा

शिक्का प्रचारात येण्यापूर्वी, आणि पुढेही त्याच्या जोडीने, मालकीची नोंद हातानेच होत असे. महाराष्ट्रातील पोथ्यांच्या अखेरच्या पानावर लेखनाचा शक, लेखनिकाचे नाव आणि पोथी कोणासाठी लिहिली हे दिलेले आढळते. ‘इत्युपनामक’ या शब्दाने आडनाव सांगून पुढे ‘इदं पुस्तकम्’ असे लिहिण्याची रीत वैदिक घराण्यांच्या पोथ्यांतून दिसते. लेखनिकांच्या एका प्रचलित श्लोकात पोथी स्वतःच बोलते. तेल, पाणी आणि सैल बांधणी यांपासून मला जपा व मूर्खाच्या हाती देऊ नका, अशी तिची विनवणी असते. मध्ययुगीन युरोपातील मठांत याच कामासाठी ग्रंथचोरास शाप लिहून ठेवीत. त्या मानाने आपल्याकडील सूर सौम्य म्हणावा लागेल.

हस्तलिखित खुणेचे सामर्थ्य दाखविणारे भारतीय उदाहरण म्हणजे कवींद्राचार्य सरस्वती यांचा संग्रह. हे सतराव्या शतकातील संन्यासी विद्वान मूळचे गोदावरीतीरावरचे. त्यांचे वास्तव्य काशीत होते. यात्रेकरूंवरील कर रद्द व्हावा म्हणून शाहजहानकडे त्यांनी केलेली रदबदली प्रसिद्ध आहे. त्यांच्या ग्रंथसंग्रहाची यादी बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९२१ मध्ये प्रसिद्ध झाली. संग्रह मात्र त्यांच्या पश्चात विखुरला. तरीही बिकानेरपासून लंडनपर्यंतच्या संग्रहांतील त्यांच्या पोथ्या ओळखता आल्या, कारण त्यांच्या आरंभीच्या पानावर ‘सर्वविद्यानिधान’ या उपाधीसह कवींद्राचार्यांचे नाव लिहिलेले आहे. ही उपाधी व नाव ठराविक पद्धतीने येतात. हाताने लिहिलेली खूणही नेमकी आणि एकसारखी असेल, तर ती शिक्क्याचेच काम करते, हे यावरून दिसते.

अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष टॉमस जेफर्सन यांची युक्ती याहून गुप्त होती. त्या काळी छापखान्यात पुस्तकाच्या प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी क्रमाने रोमन अक्षरे छापीत, म्हणजे बांधणी करताना क्रम चुकत नसे. जेफर्सन ‘आय’ या अक्षराच्या फर्म्यावर त्या अक्षरामागे ‘टी’ लिहीत आणि ‘टी’च्या फर्म्यावर त्यापुढे आपल्या आडनावाचे आद्याक्षर लिहीत. लॅटिन वर्णमालेत ‘आय’ आणि ‘जे’ ही एकच अक्षरे मानली जात असल्यामुळे दोन्ही ठिकाणी त्यांची आद्याक्षरे तयार होत. वरवर पाहणाऱ्यास त्यात काहीच वावगे दिसत नसे. त्यांनी १८१५ मध्ये ६,४८७ खंड अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयास विकले. त्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश १८५१ च्या आगीत जळाले. उरलेल्यांची ओळख पटविताना या अक्षरांचा उपयोग झाला. सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात २०११ मध्ये जेफर्सन यांच्या संग्रहातील ७४ खंड सापडले, तेव्हाही खात्री करण्यास या खुणा कामी आल्या.

पूर्व आशियातील परंपरा

ग्रंथमुद्रेला कलेचा दर्जा मिळाला तो चीनमध्ये. तेथे संग्राहक दगडावर कोरलेली मुद्रा ग्रंथांवर आणि चित्रांवर उमटवीत. शाईऐवजी वापरला जाणारा लाल लगदा हिंगूळ, एरंडेल तेल आणि रेशमाचे किंवा वनस्पतीचे तंतू यांपासून करतात. मराठी वाचकास हिंगूळ पोथ्यांतील तांबड्या अक्षरांमुळे परिचित आहे. हा खनिज रंग असल्याने पाण्यात विरघळत नाही आणि कागदाच्या तंतूंतून पसरत नाही. म्हणूनच शेकडो वर्षांपूर्वीचे ठसे आजही काळ्या मजकुरावर स्पष्ट दिसतात. अक्षरे उठावाची असतील तर ठसा पांढऱ्या भूमीवर लाल दिसतो. अक्षरे खोदलेली असतील तर लाल भूमीवर पांढरी उमटतात.

मुद्रा कोठे उमटवावी याचाही संकेत होता. पहिला मालक मजकुराच्या पहिल्या पानाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात मुद्रा उमटवी आणि पुढचा मालक तिच्या वर. त्यामुळे खालून वर वाचत गेल्यास प्रतीचा वारसाक्रम कळतो. पूर्वीच्या मालकाचा ठसा खोडण्याची गरज नव्हती. उलट प्रतिष्ठित पूर्वसूरींच्या पंक्तीत आपले नाव यावे ही संग्राहकाची हौस असे. ती अनावर झाल्याची उदाहरणेही आहेत. मिंग काळातील संग्राहक शियांग युआनबियान (१५२५–१५९०) आणि अठराव्या शतकातील सम्राट छियानलोंग यांनी आपल्या संग्रहातील चित्रांवर इतक्या मुद्रा उमटविल्या की काही ठिकाणी चित्रापेक्षा शिक्केच आधी डोळ्यांत भरतात.

मुद्रेतील मजकूर केवळ नावापुरता नसे. मुलानातवंडांनी हे जपावे, असा आशय पुष्कळ मुद्रांवर आढळतो. थांग काळातील दू शियान याने आपल्या ग्रंथांवर, ते विकणे किंवा उसने देणे हा पितृद्रोह होईल, अशी ताकीद लिहून ठेवली होती. पुढील काळातील संग्राहकांनी तोच आशय मुद्रांवर कोरून घेतला. असे ग्रंथ आज परक्यांच्या संग्रहांत आहेत, यावरून वंशजांनी ताकीद किती पाळली ते समजते.

जपानमध्ये ही पद्धत चीनमधून गेली. होजो सानेतोकी याने तेराव्या शतकात स्थापन केलेल्या कानाझावा बुन्को या ग्रंथसंग्रहाचा काळ्या शाईतील शिक्का तेथील जुन्या ग्रंथमुद्रांपैकी विशेष प्रसिद्ध आहे. पुस्तक विकताना किंवा देऊन टाकताना जुन्या मुद्रेवर ‘रद्द’ अशा अर्थाचा दुसरा लहान शिक्का मारण्याची चालही जपानी संग्राहकांत होती. आजच्या मालकांनी उचलावी अशी ही रीत आहे. त्यामुळे पुस्तक रीतसर हस्तांतरित झाले की हरवले, याविषयी संशय राहत नाही.

भारतातील राजग्रंथालयांच्या मोहरा

मोगल बादशहांच्या ग्रंथालयातील हस्तलिखितांवर बादशहाची आणि ग्रंथपालांची मोहर असे. नवा ग्रंथपाल रुजू झाला किंवा मोजदाद झाली, की ग्रंथ पाहिल्याची नोंद ‘अर्झदीदा’ या शब्दांत तारखेसह होई. काही नोंदींत ग्रंथाची प्रतवारी व किंमतही असते. पंधराव्या शतकाच्या अखेरीस हेरात येथे तयार झालेल्या निझामीच्या ‘खम्सा’ची एक सचित्र प्रत लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. तिच्यावर जहांगीर आणि शाहजहान या दोघांच्या हस्ताक्षरातील टिपणे आहेत. अशा एका पानावर अनेक पिढ्यांचे कारकुनी काम साचलेले असते. चित्रांची पाने पाहून पुढे जाणाऱ्या प्रेक्षकाच्या ते क्वचितच लक्षात येते, पण इतिहासकार आधी तेच पान उघडतात.

विजापूरच्या आदिलशाही ग्रंथसंग्रहाची कथा दख्खनच्या इतिहासाशी निगडित आहे. १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर जिंकले. संग्रहाचा उरलेला भाग असर महाल या वास्तूत राहिला व १८५३ मध्ये त्यातील हस्तलिखिते लंडनला ईस्ट इंडिया कंपनीच्या ग्रंथालयात पाठविण्यात आली. त्यांतील अनेकांवर आदिलशाही राजांच्या मोहरा आणि ग्रंथालयात दाखल झाल्याच्या नोंदी आहेत. त्यांच्या आधारे विजापूरच्या दरबारात कोणते ग्रंथ होते आणि ते कोठून आले याचा अभ्यास करता येतो. इमारत, राज्य आणि ग्रंथपाल हे सर्व नाहीसे झाल्यावर उरलेली ती एक प्रकारची दाखलनोंदवहीच आहे.

युरोप आणि रबरी शिक्का

युरोपात सुरुवातीस चिठ्ठीचा प्रघात अधिक होता. बिबराख येथील हिल्डेब्रांड ब्रांडेनबुर्ग याने सुमारे १४८० मध्ये बुक्सहाइम येथील मठास दिलेल्या पुस्तकांत ढाल धरलेल्या देवदूताचे काष्ठमुद्रित चित्र चिकटविलेले आहे. छापील ग्रंथचिठ्ठ्यांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत त्याची गणना होते. शाईच्या खासगी शिक्क्याचे ठळक उदाहरण म्हणजे निसर्गशास्त्रज्ञ सर जोसेफ बँक्स यांचा लहानसा नाममुद्रेचा ठसा. तो शीर्षकपृष्ठाच्या मागील बाजूस मारलेला असतो. त्यामुळे शीर्षकाची शोभा बिघडत नाही आणि खूणही लगेच सापडते. बँक्स यांचा मृत्यू १८२० मध्ये झाला व १८२७ मध्ये त्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमकडे गेला. रेखाचित्रे व मुद्राचित्रे यांवरील संग्राहकांच्या शिक्क्यांचा कोश फ्रिट्स लुख्ट या डच विद्वानाने १९२१ मध्ये प्रसिद्ध केला. अशा खुणा ओळखण्यासाठी तो आजही पाहिला जातो.

गंधक व उष्णता यांच्या साहाय्याने रबर टिकाऊ करण्याच्या प्रक्रियेचे अमेरिकी एकस्व चार्ल्स गुडइयर यांना १८४४ मध्ये मिळाले. पुढे १८६० च्या दशकात रबरी शिक्के तयार होऊ लागले. धातूच्या शिक्क्यापेक्षा ते स्वस्त होते आणि खडबडीत कागदावरही नीट उमटत. त्यामुळे स्वतःच्या नावाचा शिक्का ही केवळ धनिकांची वस्तू राहिली नाही. आज लेझर यंत्राने कोरलेला किंवा आतच शाई असलेला शिक्का कोणत्याही शहरात शिक्के बनविणाऱ्याकडे थोड्या वेळात मिळतो. पुण्यातील अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात किंवा मुंबईच्या फोर्ट भागातील पदपथांवर जुनी पुस्तके चाळणाऱ्यास जांभळ्या शाईतील नाव, गाव आणि कधी हुद्दा असे शिक्के वारंवार भेटतात.

ओफेनबाखचे वर्गीकरण

ग्रंथमुद्रेचे महत्त्व सर्वांत विदारक रीतीने प्रत्ययास आले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. नाझी राजवटीने युरोपभरातील, विशेषतः ज्यू समाजाच्या, संस्था आणि घरे यांतून ग्रंथ लुटून नेले होते. अमेरिकी सैन्याने मार्च १९४६ मध्ये जर्मनीतील ओफेनबाख येथे, माइन नदीकाठच्या एका कारखान्याच्या इमारतीत, अशा ग्रंथांसाठी आगार उघडले. तेथे तीस लाखांहून अधिक ग्रंथ व इतर वस्तू हाताळल्या गेल्या. ग्रंथ अनेक भाषांतील व लिप्यांतील होते. वर्गीकरण करणारे बहुतेक जर्मन कामगार होते आणि त्यांना हिब्रू वा रशियन लिपी वाचता येत नव्हती.

आगाराचे प्रमुख कॅप्टन आयझॅक बेनकोविट्झ यांनी त्यावर उपाय काढला. ग्रंथांतील शिक्के आणि ग्रंथचिठ्ठ्या यांची छायाचित्रे घेऊन त्यांना क्रमांक दिले. प्रत्येक कामगारास थोडेच शिक्के वाटून दिले. समोर आलेल्या पुस्तकात आपला शिक्का दिसला की त्याने ते बाजूला काढावयाचे, नाहीतर पुढे सरकवावयाचे. मजकूर वाचण्याची आवश्यकताच उरली नाही. आकार ओळखता आला म्हणजे पुरे. या पद्धतीने पुष्कळ ग्रंथ त्यांच्या मूळ देशांना परत करता आले. शिक्क्यांच्या छायाचित्रांच्या संग्रहवह्या आजही उपलब्ध आहेत. त्यांतील अनेक ग्रंथालये आणि त्यांचे वाचक युद्धात नष्ट झाले आणि काहींची उरलेली खूण म्हणजे तो ठसाच. जर्मनीतील ग्रंथालये आपल्या कपाटांतील अशा ग्रंथांचा शोध अद्याप घेत आहेत. शिक्का वा हस्ताक्षरातील नाव यांवरून वारसांचा माग काढून एखादे पुस्तक अनेक दशकांनंतर कुटुंबास परत दिले जाते.

खोडलेले आणि बनावट शिक्के

शिक्का खोडता येतो आणि खोटाही करता येतो. एकोणिसाव्या शतकातील गणिती गुलिएल्मो लिब्री यांचे प्रकरण या बाबतीत कुप्रसिद्ध आहे. फ्रान्समधील सार्वजनिक ग्रंथालयांच्या हस्तलिखितांची सूची करण्यासाठी १८४१ मध्ये नेमलेल्या समितीचे ते सचिव होते. त्या अधिकाराने ग्रंथालयांत फिरताना त्यांनी मौल्यवान हस्तलिखिते लांबविली, मूळ खुणा खरवडून काढल्या आणि ग्रंथ इटलीतील वाटावेत म्हणून खोट्या नोंदी घातल्या. १८४८ मध्ये ते लंडनला पळाले. १८५० मध्ये त्यांच्या अनुपस्थितीत त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. लेओपोल्द दलिल यांनी केलेल्या चिकाटीच्या संशोधनामुळे त्यांतील बराच भाग १८८८ मध्ये फ्रान्सला परत मिळाला.

अशा लबाडीवर उपाय म्हणून भारतातील ग्रंथालये शीर्षकपृष्ठाशिवाय एका ठरावीक आतील पानावरही शिक्का मारतात. त्यास ‘गुप्त पान’ म्हणतात. प्रत्येक पुस्तकात पानाचा क्रमांक तोच असतो. शीर्षकपृष्ठ फाडून टाकले तरी ही खूण राहते. जेफर्सन यांच्या युक्तीमागेही हेच तत्त्व होते. खासगी संग्राहकास ते सहज अवलंबिता येईल. मात्र निवडलेल्या पानाचा क्रमांक घरातील एखाद्या विश्वासू व्यक्तीस ठाऊक असावा, अन्यथा मालकाबरोबर ती माहितीही जाते.

शाई, कागद आणि जागा

शिक्क्याने होणारी हानी बहुधा शाईची असते. कार्यालयीन पॅडवरील नेहमीची जांभळी वा निळी शाई विद्राव्य रंगाची असते. ओल लागताच ती पसरते, पातळ कागदाच्या दुसऱ्या बाजूस उमटते आणि उजेडात फिकी पडते. पावसाळ्यातील दमट हवेत कोकणातील घरांत अशा शिक्क्यांची जांभळी वलये झालेली दिसतात. काजळीसारख्या रंगद्रव्याची शाई या दृष्टीने चांगली. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने हस्तलिखितांवर खूण करण्यासाठी वापरलेली शाई याच जातीची आहे. गुळगुळीत आर्ट पेपरवर शाई लवकर वाळत नाही. तेथे पान मिटण्यापूर्वी टीपकागद ठेवावा. उठावाच्या शिक्क्यास शाई लागत नाही, परंतु जुना ठिसूळ कागद त्याने फाटू शकतो.

जागा निवडताना शीर्षकपृष्ठाची मागील बाजू किंवा आरंभीचे कोरे पान सोयीचे. मजकूर, चित्र, नकाशा आणि लेखकाची स्वाक्षरी यांवर शिक्का मारू नये. कडेवर, म्हणजे मिटलेल्या पुस्तकाच्या पानांच्या बाहेरील बाजूवर, मारलेला शिक्का दुरून दिसतो म्हणून काहींना आवडतो, पण पुन्हा बांधणी करताना कड कापली की तो जातो. दुर्मिळ वा शंभर वर्षांपूर्वीच्या प्रतीवर नव्याने शिक्का मारूच नये. पेन्सिलीने नाव लिहून स्वतंत्र वहीत नोंद ठेवणे पुरेसे आहे. जुन्या पुस्तकांच्या बाजारात सामान्य मालकाच्या शिक्क्याने प्रतीची किंमत घटते, तर नामवंताच्या शिक्क्याने ती वाढते.

शिक्क्यात पूर्ण नाव आणि गाव असावे. केवळ आद्याक्षरे घरच्यांना कळतात, परक्यांना नाही. संपूर्ण पत्ता व दूरध्वनी क्रमांक मात्र टाळावा, कारण पुस्तक कोणाच्या हाती जाईल हे सांगता येत नाही. वर्ष आणि अनुक्रमांक यांसाठी रिकामी जागा ठेवल्यास तो शिक्का नोंदवहीशी जोडता येतो. शोभेसाठी अशोकस्तंभाची राजमुद्रा वापरण्याचा मोह काहींना होतो. राजमुद्रेच्या गैरवापरास २००५ च्या कायद्याने मनाई आहे.

मालकीचा पुरावा

शिक्का हा मालकीचा पुरावा असला, तरी निर्णायक नाही. पुस्तक जंगम मालमत्ता आहे. भारतात १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार जंगम वस्तूचे दान नोंदणीकृत लेखाने किंवा ताबा देऊन पूर्ण होते. त्यासाठी जुना शिक्का रद्द करण्याची अट नाही. म्हणून रद्दीच्या दुकानातील पुस्तकावर कोणाचे नाव आहे एवढ्यावरून ते चोरीचे ठरत नाही. दुसऱ्या बाजूने, चोराकडून घेतलेल्या वस्तूवर खरेदीदारास सामान्यतः चांगला हक्क मिळत नाही. अशा वेळी शिक्का, खरेदीची पावती आणि मालकाची नोंदवही एकत्र असतील तर मूळ मालकाची बाजू बळकट होते.

खासगी संग्रह ग्रंथालयास दान केला जातो तेव्हा ग्रंथालय आपला शिक्का आणि दाखल क्रमांक घालते. जुना शिक्का तसाच ठेवून त्याखाली देणगीदाराचे नाव व दिनांक लिहिणे ही योग्य पद्धत होय. सूचीमध्ये देणगीदाराचे नाव नोंदविले, तर कपाटांत विषयवारीने विखुरलेला संग्रह यादीच्या रूपाने पुन्हा एकत्र पाहता येतो. काही ठिकाणी नव्याने बांधणी करताना आरंभीची कोरी पाने काढून टाकतात आणि त्यांबरोबर मालकाचा शिक्का, अर्पणाचे शब्द व समासातील नोंदीही नाहीशा होतात. बांधणीस देण्यापूर्वी ती पाने राखून ठेवण्याची लेखी सूचना पुस्तकात घालावी लागते.